दिंडीचा डबा कॅमेरा

आपल्या दिंडीचे जुने फोटो आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे. १२० नंबरचा रोल, फोटो अवघे १२. शताब्दीच्या निमित्तानं आम्ही तोच कॅमेरा चालवायला शिकलो. रोल भरायचा तो राहुटीच्या सावलीत. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईस्तोवर गुंडी फिरवायची, नाहीतर चित्रावर चित्र. ऊन की ढग, एवढंच ठरवायचं. शटर मंद, चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात अश्व धावला की नुसता फराटा उमटतो. म्हणूनच जुन्या मंडळींनी स्थिर उभी माणसं टिपली: विणेकरी, चोपदार, डोईवर तुळस घेतलेल्या मायमाउल्या. त्यातले बरेच वैकुंठवासी झाले. माउली, ज्यांना ओळख पटेल त्यांनी फोटोमागं नाव लिहावं, ही विनंती. रामकृष्णहरी.