गोळा, घंटा आणि शिट्टी

चारठाण्याला रेल्वे नाही. जिंतूर तालुक्यातल्या या गावाची ओळख तिथल्या प्राचीन मंदिरांची आणि कोरीव स्तंभाची. आगगाडी गाठायची तर सेलू नाहीतर परभणी. निझामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्गावरची ही स्थानके. या मार्गाविषयी लिहिताना आपण मैल, खर्च आणि कापसाच्या गाठी मोजतो. एकाच रुळावरून दोन्ही दिशांनी गाड्या येत असताना माणसे एकमेकांशी बोलत कशी, हे मात्र क्वचितच कुणी लिहिते.

एकेरी मार्गाचा सारा व्यवहार 'लाइन क्लिअर' या दोन शब्दांवर चाले. स्टेशनमास्तर यंत्रावर घंटा वाजवून पुढच्या स्थानकाची संमती मागे. ती मिळाली तरच यंत्रातून लोखंडी गोळा सुटे. त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर. देशभर सर्रास वापरल्या गेलेल्या नील यांच्या यंत्राची ही किमया. कातडी पिशवीतला, वेताच्या कड्याला बांधलेला गोळा हाती आल्याशिवाय चालकाला पुढे जाण्याची मुभा नसे. न थांबणाऱ्या गाडीवरचा फायरमन जुने कडे फेकी आणि नवे हातात झेली.

मालगाडीच्या दुसऱ्या टोकाला गार्ड एकटा. इंजिनाशी त्याचे बोलणे शिट्टीचे, झेंड्याचे, रात्री कंदिलाचे. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे 'ब्रेक लाव'. गाडी मध्येच अडकली तर गार्डने मागे चालत जाऊन रुळावर फटाके लावायचे. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन. अंधारात, रानातून, एकट्याने.

कंट्रोलशी बोलायचे तर स्टेशनमास्तरमार्फत, किंवा आडरानात सोबतचा फोन तारेला जोडून. कंट्रोलर कागदावर गाड्यांच्या रेषा ओढत बसे. प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाडी तासन्‌तास लूपमध्ये खोळंबे. संमतीसोबत 'प्रायव्हेट नंबर' दिला-घेतला जाई आणि नोंदवहीत उतरे. अपघाताच्या चौकशीत हाच आकडा साक्ष देई. मला ही नोंदवही उद्घाटनाच्या शिलालेखांहून मोलाची वाटते; जबाबदारी कुणाची, हे ती सांगते.

पुढे वॉकीटॉकी आली. १९९० च्या दशकात मराठवाड्यातला हा मार्ग ब्रॉडगेज झाला. २०२२ मध्ये गार्डचा 'ट्रेन मॅनेजर' झाला (ब्रेकव्हॅनमधला एकांत तेवढाच राहिला). दक्षिण मध्य रेल्वेने या मार्गावर 'कवच' बसवले: रेडिओवरून इंजिन स्थानकाशी बोलते आणि चालक लाल सिग्नल ओलांडू लागला तर ब्रेक आपोआप लागतो.

या सगळ्या भाषा रेल्वेच्या माणसांनी रेल्वेच्या माणसांसाठी घडवलेल्या. ८ मे २०२० च्या पहाटे याच परभणी-मनमाड मार्गावर, बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान, जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर थकून रुळांवर झोपले होते. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मालगाड्या धावत होत्या. हे त्यांच्यापर्यंत पोचवणारी घंटा कुठल्याच स्थानकात नव्हती. माणसे दिसताच चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, असे रेल्वेने नंतर सांगितले. सोळा जण मृत्युमुखी पडले.