इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल-डिझेल मिसळतंय का? डिपस्टिक आणि मोबाईलवरून असं ओळखा

डिपस्टिक काढली आणि ऑइलची लेव्हल मागच्या महिन्यापेक्षा वर दिसली, तर बरेच जण खुश होतात. "आपली गाडी ऑइल खातच नाही!" पण ऑइल आपोआप कधी वाढत नाही. तुम्ही वरून ओतलं नाही आणि तरी लेव्हल चढली, म्हणजे आत दुसरं काहीतरी येतंय. ते मुख्यतः दोनपैकी एक असतं, कूलंट किंवा इंधन. कूलंट ओळखायला सोपं आहे. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसतं आणि कूलंटची टाकी रिकामी होत जाते. इंधन मात्र गुपचूप मिसळतं. रंग फारसा बदलत नाही, सुरुवातीला डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, गाडीही नेहमीसारखीच चालते. म्हणून आज फक्त इंधनाबद्दल बोलू.

आत पोचतं कसं?

सिलिंडरमध्ये इंधन फवारलं जातं. त्यातलं सगळं जळत नाही. थोडं भिंतीवर बसतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. हे प्रत्येक गाडीत थोडंफार होतंच. इंजिन थंड असताना जास्त होतं, कारण तेव्हा इंधन जास्त सोडलं जातं आणि भिंती गार असल्याने त्याची नीट वाफ होत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे तिथे हा प्रकार अजून जास्त. २०१८ मध्ये चीनमध्ये होंडाला नव्या सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली होती, ती याच कारणाने. कडाक्याच्या थंडीत, छोट्या फेऱ्यांमध्ये, १.५ लिटर टर्बो इंजिनच्या ऑइलची लेव्हल वाढत होती.

आपल्याकडे तशी थंडी नाही. पण छोट्या फेऱ्या आणि ट्रॅफिक भरपूर आहे, आणि डिझेलवाल्यांसाठी एक वेगळंच कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर आला. तो भरला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि तो तापवायला बहुतेक इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा, मुख्य जळण संपल्यावर, जास्तीचं डिझेल फवारतात. त्यातलं काही भिंतीवरून खाली ओघळतं. रीजनरेशन एकदा पूर्ण झालं तर चिंता नाही. पण ते चालू असतानाच तुम्ही ऑफिसला पोचलात आणि गाडी बंद केली, संध्याकाळी पुन्हा सुरू झालं, पुन्हा अर्धवट राहिलं, तर प्रत्येक खेपेला थोडं डिझेल ऑइलमध्ये जातं.

पेट्रोल उडतं, डिझेल मुक्काम ठोकतं

हा फरक डोक्यात ठेवा, निदान त्यावरच अवलंबून आहे. गरम इंजिनात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं. पेट्रोलचा बराचसा भाग या तापमानाला हळूहळू उडून जातो. त्या वाफा ब्रीदरच्या पाइपमधून परत इंजिनात जातात आणि जळतात. म्हणजे आठवडाभर गल्लीबोळात फिरलेली पेट्रोल गाडी रविवारी हायवेवर दीड-दोन तास पळाली की ऑइल बरंच साफ होतं. डिझेल मात्र साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं. ते ११० अंशांच्या ऑइलमधून फारसं बाहेर पडत नाही. ऑइल बदलेपर्यंत तिथेच राहतं.

म्हणून "जरा लाँग ड्राइव्ह मारा, सगळं ठीक होईल" हा सल्ला पेट्रोल गाडीला बऱ्यापैकी लागू पडतो. डिझेल गाडीत लाँग ड्राइव्हमुळे फिल्टर साफ होईल, पुढचं मिसळणं कमी होईल, पण जे आधीच मिसळलंय ते जाणार नाही. सीएनजीवाल्यांना यात थोडा दिलासा आहे. गॅस ऑइलमध्ये विरघळून बसत नाही, त्यामुळे फक्त पेट्रोलवर चालते तेवढ्या वेळेपुरताच प्रश्न.

डिपस्टिक : फुकटातलं, पण सगळ्यात भरवशाचं

गॅरेजवाले हिला नुसतं "गेज" म्हणतात. सपाट जागा, गरम झालेलं इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, गेज पुसायचं, पूर्ण आत घालून परत काढायचं. दर वेळी असंच. एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा पंपावर लगेच बघितलं तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. मग मोबाईलने फोटो काढा आणि सोबत किलोमीटरचा फोटो. गॅलरीत "ऑइल" नावाचा अल्बम करा. दर १००० किलोमीटरला एक जोडी पुरे.

हिशोब असा आहे. बहुतेक गाड्यांत मिन आणि मॅक्स या खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. इंजिनात ४ लिटर ऑइल असेल आणि त्यात ५ टक्के इंधन आलं, तर ते झालं साधारण २०० मिली. म्हणजे गेजवर दोन खुणांमधल्या अंतराचा जेमतेम पाचवा भाग. डोळ्यांना सहज चुकेल इतका कमी. फोटो हवेत ते त्यासाठी.

यात एक चकवा आहे. इंजिन थोडं ऑइल जाळतही असतं. समजा ३०० मिली जळलं आणि ३०० मिली इंधन आलं, तर लेव्हल जागेवर! गेज सांगेल सगळं उत्तम, आणि आत ऑइल पातळ. म्हणून कित्येक हजार किलोमीटर लेव्हल केसभरही हलली नाही, तर मी ते शंभर टक्के शुभ लक्षण मानत नाही.

दुसरा चकवा सर्व्हिस सेंटरचा. सर्व्हिसला ऑइल जास्त भरलं जाणं ही आपल्याकडे अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी पहिला फोटो काढायचा. तो नसेल तर नंतर लेव्हल "वाढली" की "आधीपासूनच जास्त होती" हे कोणीच सांगू शकत नाही.

माझ्या मामेभावाच्या डिझेल एसयूव्हीत हाच फोटो कामाला आला. त्याचं रोजचं येणं-जाणं कोथरूड ते शिवाजीनगर, एका वेळी सहा-सात किलोमीटर. सर्व्हिसनंतर लेव्हल मॅक्सच्या किंचित खाली होती, तीन महिन्यांत मॅक्सच्या बोटभर वर गेली. सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाला, "सर, कमी नाही ना, मग चांगलंच आहे की." दोन्ही फोटो शेजारी-शेजारी दाखवल्यावर मात्र त्याने निमूटपणे स्कॅनर लावला. रीजनरेशन एकामागून एक अर्धवट सुटत होती. मॅक्सच्या वर गेलेलं डिझेल गाडीचं ऑइल अजिबात "चांगलंच" नसतं. लेव्हल फार चढली तर ऑइल ब्रीदरमधून इंजिनच्या हवेत ओढलं जाऊ शकतं, आणि डिझेल इंजिन तेच इंधन समजून जाळायला लागलं तर चावी बंद केली तरी थांबत नाही. माझदाच्या डिझेल गाड्यांत तर गेजवर मॅक्सच्या वर "एक्स" ही वेगळी खूण दिलेली असते. तिथपर्यंत लेव्हल आली की ऑइल बदला.

वास, बोटं आणि काडेपेटी

गेजचा वास घ्यावा, पण त्यावर निकाल देऊ नये. पेट्रोल गाडीच्या वापरलेल्या ऑइलला थोडा वास येतोच. सकाळी, इंजिन थंड असताना झणझणीत पेट्रोलचा वास आला तर शंका घ्यायला जागा आहे. डिझेलचा वास ऑइलमध्ये सहज लपतो.

बोटांमध्ये चोळून "पातळ झालंय" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. हल्ली बऱ्याच गाड्यांत ०डब्ल्यू-२० ग्रेडचं ऑइल येतं. ते नवंकोरं आणि गरम असताना पाण्यासारखंच लागतं. आणि व्हिडिओत बघून ऑइलला काडी लावून बघायचा प्रयोग कृपया करू नका. नुसत्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या आसपास किंवा वर असतो, इंधन मिसळलं की तो झपाट्याने खाली येतो. नेमकं शंका खरी असेल तेव्हाच भडका उडेल.

फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवायची जुनी पद्धत डिझेलसाठी थोडी उपयोगी आहे. मधे काजळीचा काळा गोल आणि बाहेर फिकट, अर्धपारदर्शक कडं पसरतं. एका थेंबावरून काही ठरत नाही. ऑइल बदलल्यावर लगेच घेतलेला थेंब आणि आताचा थेंब यांची तुलना करा. पेट्रोल रात्रभरात उडून जातं, तिथे हा खटाटोप नको.

आता मोबाईल काढा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लागणारा ब्लूटूथ ॲडाप्टर आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप एवढं पुरतं. आयफोन असेल तर ॲडाप्टर वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईवाला आहे ना, हे घेण्याआधी बघा. मोबाईल ऑइल थेट तपासत नाही, पण आजूबाजूचे पुरावे चांगले गोळा करतो.

पहिलं बघा कूलंटचं तापमान. दहा-पंधरा मिनिटं नीट चालवूनही ते ८५-९० च्या आसपास जात नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. "आपल्याकडे गरम हवा, कशाला हवा तो" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मेकॅनिक मी बघितलेत. इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटर इंधन जास्त सोडत राहतो आणि ऑइलमधलं पेट्रोल उडतही नाही. पी०१२८ हा कोड आला असेल तर इथूनच सुरुवात करा. भाग तुलनेने स्वस्त आहे.

पेट्रोल गाडीत दुसरं बघा लाँग टर्म फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर आपल्या हिशोबापेक्षा इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते हा आकडा सांगतो. शून्याच्या पाच इकडे-तिकडे असेल तर ठीक. इंजिन पूर्ण गरम, गाडी आयडलवर, आणि आकडा उणे १० च्या खाली, पण २५०० आरपीएमला बराच सुधारतो, असं दिसलं तर कान टवकारा. ऑइलमधून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफा ब्रीदरमधून आत येतायत आणि कॉम्प्युटर तेवढं इंधन कमी करतोय, असा त्याचा एक अर्थ होतो. गळका इंजेक्टर किंवा अडकलेला पर्ज व्हॉल्व्हही असंच चित्र देतो. हे वेगळं करायला माझी आवडती युक्ती साधी आहे. ऑइल बदलायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळी गरम आयडलवरचा आकडा लिहून ठेवा. नव्या ऑइलने तो शून्याकडे परतला तर वाफा जुन्या ऑइलमधूनच येत होत्या. तसाच राहिला तर इंजेक्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह तपासायला सांगा.

डिझेलमध्ये फ्युएल ट्रिमचा उपयोग नाही. तिथे काही ॲप्स काही गाड्यांसाठी फिल्टरमधली काजळी आणि शेवटच्या रीजनरेशननंतरचं अंतर दाखवतात. ते अंतर सारखं शे-दीडशे किलोमीटरवरच शून्य होत असेल तर गडबड आहे.

लॅबचा शब्द शेवटचा

गाडी वॉरंटीत असेल आणि वाद होणार असं दिसत असेल, तर ऑइल तपासणाऱ्या लॅबकडे नमुना द्या. गॅस क्रोमॅटोग्राफीने इंधनाची टक्केवारी नेमकी कळते. फक्त फ्लॅश पॉइंट आणि व्हिस्कॉसिटीवरून अंदाज मिळतो. साधारणपणे २ टक्क्यांच्या वर लक्ष ठेवायचं आणि ५ च्या वर ऑइल बदलून कारण शोधायचं, असा संकेत आहे. ३० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असायला हवी. ५-७ टक्के इंधनाने ती २० ग्रेडच्या हद्दीत उतरू शकते. मग बेअरिंग, टायमिंग चेन आणि टर्बो यांना मिळणारा ऑइलचा थर पातळ होतो, आणि टर्बो किंवा इंजिन काम निघालं की बिल ऑइलचं राहत नाही. पेट्रोल गाडीचा नमुना मात्र हायवेवरून आल्याआल्या देऊ नका. पेट्रोल वाटेतच उडालेलं असेल आणि रिपोर्ट स्वच्छ येईल. नेहमीच्या शहरी वापराच्या आठवड्यानंतर द्या.

सवय की बिघाड?

लेव्हल हळूहळू, महिन्यांमध्ये चढत असेल आणि तुमच्या फेऱ्या छोट्या असतील, तर बहुतेक वेळा कारण वापरातच असतं. ऑइल बदलायचं अंतर निम्म्यावर आणा. डिझेल असेल तर पंधरवड्यातून एकदा हायवेवर अर्धा-पाऊण तास एका वेगाने चालवा, आणि रीजनरेशन चालू असल्याचं लक्षात आलं, म्हणजे आयडल थोडं चढलं, पंखा जोरात सुटला, ॲव्हरेज एकदम पडलं, तर गाडी बंद न करता एक फेरी मारून या.

लेव्हल आठवड्याभरात किंवा एका टाकीत चढली, तर मात्र ही सवय नव्हे, बिघाड आहे. गळकं नोझल, हाय प्रेशर पंपाचं सील, किंवा एखादा सिलिंडर मिस मारतोय आणि त्याचं इंधन न जळता खाली जातंय. अशा वेळी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. आणि सर्व्हिस सेंटरला "ऑइल बदला" एवढंच सांगू नका. जॉब कार्डवर "ऑइलची लेव्हल वाढते, इंधन मिसळल्याची शंका" असं लिहून घ्या, फोटो दाखवा, त्या कार्डाचाही फोटो काढा. नवीन ऑइल भरल्यावर गेज तुमच्यासमोर काढायला लावा आणि अल्बममधला पुढचा फोटो तिथेच घ्या.