बोस्को गुरिन : खिंडीपलीकडची बोली

स्वित्झर्लंडमधील तिचिनो हा इटालियनभाषी कँटन. त्याच्या वायव्येस, माज्जा नदीच्या एका उपखोऱ्याच्या टोकाशी, सुमारे १५०० मीटर उंचीवर बोस्को गुरिन वसले आहे. वस्ती जेमतेम पन्नासाच्या आसपास. तरीही त्याची ग्रामपालिका स्वतंत्र आहे. संपूर्ण कँटनात परंपरेने जर्मन बोलणारे हे एकमेव गाव.

गाव एकाकी होते म्हणून बोली टिकली, असे सर्रास मानले जाते. आम्हांला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. तेराव्या शतकात येथे आलेले वाल्सर लोक मूळचे वरच्या वाले प्रांतातले. आज इटलीत असलेल्या पोमात, म्हणजेच फोर्मात्सा, खोऱ्यातून ते इकडे उतरले. १२५३ साली गावाच्या चर्चचा अभिषेक झाला. २३२३ मीटर उंचीवरची गुरिनर फुर्का ही खिंड गावाला पोमातशी जोडते, आणि तिथेही वाल्सरांचीच वस्ती होती. नकाशावर जिथे रस्ता संपतो, तिथेच या बोलीच्या आप्तस्वकीयांचा प्रदेश सुरू होत होता. पर्वत हा त्यांच्या लेखी केवळ अडसर नव्हता. तो उंबरठाही होता.

या उंबरठ्याची किंमतही जबर होती. १६९५ च्या हिमप्रपातात चौतीस, तर १७४९ च्या हिमप्रपातात एकेचाळीस माणसे दगावली. तरीही गाव उठले नाही. दगडी जोत्यावर लाकडी घर बांधण्याची वाल्सर रीत आजही तेथे दिसते.

हिमप्रपातांनी जे केले नाही, ते पुढे उपजीविकेने केले. डोंगरी शेती आणि पशुपालन यांवर पोट भरेना, तेव्हा तरुण खाली उतरले. शाळा, बाजार, नोकरी यांची वाट खोऱ्याकडे, म्हणजे इटालियनकडे, जात होती. १९३० च्या दशकात येथे वाल्सर घराचे संग्रहालय उभे राहिले. पुढे एमिली गेर्स्टनर-हिर्त्सेल यांनी गावातील मौखिक परंपरेचे संकलन केले. ते १९७९ मध्ये ग्रंथरूपाने आले.

अशा संकलनाचे मोल वादातीत आहे. परंतु बोलीच्या अभ्यासकाने एवढे ध्यानात ठेवावे, की ग्रंथात शब्द आणि कथा राहतात. ऐकून उलट उत्तर देणारा शेजारी राहत नाही. म्हणून बोलीचा इतिहास लिहिताना केवळ शब्दसंग्रह पुरेसा नाही. तिचे बोलणारे कोणत्या वाटेने कोणाकडे जात होते आणि ती वाट केव्हा ओस पडली, हेही आपण विचारले पाहिजे.