नावांची वही कोण ठेवतो?

गिरगावातल्या एखाद्या जुन्या प्रकाशकाचे किंवा लालबागच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे बिल घरात जपून ठेवलेले असेल, तर ते काढून पाहावे. दुकानाच्या नावाखाली टपालाचा पत्ता आणि टेलिफोन नंबर असतो. पेढी जरा मोठी असेल तर आणखी एक ओळ सापडते. ‘तार’ असे लिहून पुढे एकच, काहीसा चमत्कारिक शब्द छापलेला असतो. आजच्या विद्यार्थ्याला ही ओळ कशासाठी आहे ते कळत नाही. पण त्याच विद्यार्थ्याला रोज भेटणाऱ्या वेबसाइटच्या नावाची ही आजी आहे.

१८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली. परदेशी तारेचे पैसे शब्दांवर मोजले जात आणि त्यात पत्त्यातले शब्दही धरले जात. तेव्हा पेढीचे नाव, इमारत, गल्ली, विभाग हे सारे लिहिणे परवडणारे नव्हते. म्हणून पेढ्या तारखात्याकडे एक छोटा शब्द नोंदवून ठेवत. तो शब्द आणि गावाचे नाव एवढे लिहिले की तार बरोबर पोहोचे. या सोयीसाठी दरसाल फी भरावी लागे आणि एका गावात एक शब्द एकाच पेढीला मिळे. शब्द कोणाचा, हे ठरे ते तारखात्याच्या नोंदवहीवरून. पेढीच्या पाटीवर काय रंगवले आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. फी थकली की शब्द वहीतून जाई.

आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मात्र वही, फी आणि ‘एक नाव एकालाच’ हा नियम या तीन गोष्टी आजही जशाच्या तशा आहेत. इंटरनेटवरच्या डोमेन नावाचा इतिहास म्हणजे ही वही कोणाकडून कोणाकडे गेली याचाच इतिहास होय. त्यातली काही महत्त्वाची पाने मुंबईत लिहिली गेली आहेत.

आकडे यंत्रासाठी, नावे माणसांसाठी

इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना मात्र आकडे लक्षात राहत नाहीत. सुरुवातीला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक यादी ठेवलेली असे. एका बाजूला संगणकाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला त्याचा आकडा. एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचा छोटा गट ही यादी सांभाळी. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचे, आणि बाकीच्यांनी अधूनमधून ती यादी उतरवून घ्यायची. संगणक काहीशे होते तोवर हे चालले. पुढे यादी फुगली, ती रोज बदलू लागली आणि एकच नाव दोघांना हवे होऊ लागले.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यावर उपाय सुचवला. एक मोठी यादी ठेवण्याऐवजी याद्यांची उतरंड करायची. वरच्याने फक्त आपल्या खालच्यांची नोंद ठेवायची. त्यांच्याही खाली कोण आहे, हे ज्याचे त्याने पाहायचे.

वर्गात हे समजावून सांगायला आपला टपालाचा पत्ता पुरेसा आहे. ‘खोली क्रमांक १२, अमुक चाळ, अमुक गल्ली, गिरगाव, मुंबई’ हा पत्ता आपण डावीकडून लिहितो, पण टपालखाते तो उजवीकडून वाचते. आधी मुंबई, मग गिरगाव, मग गल्ली, चाळ आणि शेवटी खोली. बारा नंबरच्या खोल्या मुंबईत हजारो असतील, पण एका चाळीत एकच. डोमेन नावही असेच उजवीकडून वाचायचे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव आहे ‘टीआयएफआर डॉट रेस डॉट इन’. ‘इन’ म्हणजे इंडिया, ‘रेस’ म्हणजे संशोधन संस्थांची गल्ली आणि ‘टीआयएफआर’ ही त्या गल्लीतली चाळ. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शिक्षकांच्या परिचयाचे आहे. त्याच्या नावात सर्वांत डावीकडे ‘एचबीसीएसई’ ही आणखी एक खोली येते. ते केंद्र आहे मानखुर्दला, पण नावाने ते कुलाब्याच्या चाळीत राहते, कारण ते त्या संस्थेचा भाग आहे. डोमेन नाव जागा सांगत नाही, नाते सांगते.

‘डॉट इन’ची वही मुंबईत

कुलाब्याच्या याच संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. पुढे तिथल्याच संगणक विभागातून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले. ‘एनसीएसटी’ या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र १९८५ पासून जुहूला स्वतंत्रपणे काम करू लागले. श्रीनिवासन रमणी हे त्याचे प्रमुख होते.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले. त्याच सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. तेव्हाचे ई-मेल पत्ते मोठे गमतीचे असत. पत्र कोणकोणत्या संगणकांवरून जायचे, तो सगळा मार्गच पत्त्यात लिहावा लागे. ‘चर्चगेटला गाडीत बसा, दादरला उतरा, पूल ओलांडा, परळची बस धरा’ असे सांगण्यासारखेच ते होते. मधली एक गाडी बंद पडली की पत्ता निकामी! डोमेन नावाने हा मार्ग पत्त्यातून काढून टाकला. फक्त कोठे जायचे ते सांगायचे, कसे जायचे ते यंत्रे पाहतील.

देशांच्या नावांची दोन अक्षरे कोणी ठरवायची, हा प्रश्न तसा नाजूक होता. वरच्या पातळीची वही पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी तो शहाणपणाने सोडवला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची देशांची दोन-अक्षरी यादी आधीच तयार होती. त्यांनी तीच स्वीकारली. देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्या यादीतले भारताचे ‘इन’ हे नाव ८ मे १९८९ रोजी वहीत चढले आणि त्याखालची पाने एनसीएसटी सांभाळू लागली. सरकारी आणि शैक्षणिक नावांचे काम नंतर त्या त्या संस्थांकडे गेले. संस्थेची खात्री करून घ्यावी आणि ठरलेल्या गल्लीतच नाव द्यावे, अशी त्या काळची शिस्त होती. तिच्यामुळे गोंधळ झाला नाही, पण वाढही झाली नाही. १९९२ ते २००४ या काळात ‘डॉट इन’खाली जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली.

भाड्याच्या खोलीतले पत्ते

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. निगमाचे कार्यालय फोर्टातल्या महात्मा गांधी मार्गावर होते, तारघरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दादरचा डॉक्टर असो की गिरगावचा सनदी लेखापाल, ज्याने जोडणी घेतली त्याच्या ई-मेलच्या शेपटीला निगमाच्याच संगणकाचे नाव लागे. मुंबईच्या त्या संगणकांच्या नावांत बॉम्बेची आठवण देणारी ‘बीएम’ किंवा ‘बॉम’ ही अक्षरे असत. लोकांनी हे पत्ते कार्डांवर आणि पाट्यांवर हौसेने छापले.

पण ते नाव ग्राहकाचे नव्हते. २००२ साली निगमाची सूत्रे टाटा समूहाकडे गेली आणि २००८ साली कंपनीचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले. सेवा बदलली तसे जुने पत्ते मागे पडले. दुसऱ्याच्या चाळीत खोली घेतली की चाळ पाडताना खोलीही जाते. ज्यांनी स्वतःचे डोमेन नाव घेतले होते, त्यांना सेवा देणारी कंपनी बदलूनही पत्ता तोच ठेवता आला.

अमेरिकेत ‘डॉट कॉम’खालची नावे सुरुवातीला फुकट मिळत. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर पडू लागले. नावाला किंमत आली आणि त्यापाठोपाठ भांडणेही आली. मुंबईतले गाजलेले भांडण रेडिफचे. १९९६ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळाच्या नावाशी जुळणारे, केवळ एका स्वराचा फरक असलेले ‘रॅडिफ’ हे नाव दुसऱ्या एका मंडळीने नोंदवले. रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आपण ते जुळवले, असा त्यांचा खुलासा होता. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने ते नाव वापरण्यास मनाई केली. म्हणजे वहीत आधी नाव लिहिले एवढ्याने हक्क पुरा होत नाही. दुसऱ्याच्या लौकिकावर डल्ला मारण्यासाठी घेतलेले नाव काढूनही घेता येते.

वही उघडली

२००५ साली ‘डॉट इन’ची वही ‘निक्सी’ या ना-नफा कंपनीकडे आली. थेट ‘डॉट इन’खाली नाव घेण्याची मुभा मिळाली. आधी नोंदणीकृत व्यापारचिन्हांच्या मालकांना संधी देण्यात आली, मग सर्वांना. मार्च २०१० पर्यंत नावांची संख्या सहा लाखांच्या वर गेली. आता मुख्य वही ‘रजिस्ट्री’कडे असते, तर ग्राहकांकडून अर्ज आणि पैसे घेण्याचे काम अनेक ‘रजिस्ट्रार’ कंपन्या करतात.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव सुरू झाले. मराठी आणि कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते आहे. मुळातल्या रचनेला रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच कळते. त्यामुळे ‘भारत’ हा शब्द वहीत ‘एक्स-एन, दोन रेघा, एच-२-बी-आर-जे-९-सी’ असा लिहिला जातो. संगणक दर वेळी हे भाषांतर मुकाट्याने करतो.

भाडेपावती कोणाच्या नावावर?

आता शाळेकडे येऊ. समजा, परळमधल्या एका शाळेने वेबसाइट करायचे ठरवले. वेबसाइट करून देणाऱ्याने ‘सगळे मी पाहतो’ म्हणून नाव आपल्याच नावावर आणि आपल्याच ई-मेलवर नोंदवले. शाळेने ते प्रगतिपुस्तकांवर छापले. चार वर्षांनी त्या गृहस्थाने धंदा बदलला. नूतनीकरणाच्या सूचना कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडत राहिल्या. मुदत संपल्यावर मिळणारे सवलतीचे दिवसही गेले आणि नाव पुन्हा बाजारात आले. मग ते जुगाराच्या जाहिराती दाखवणाऱ्या कोणीतरी घेतले. शाळेने पैसे भरले होते हे खरे. पण वहीत शाळेचे नाव कधी नव्हतेच. अशी चूक मोठ्यांकडूनही होते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या एका नावाची ३५ डॉलर फी भरायला विसरली आणि हॉटमेल वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. एका त्रयस्थ माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे भरले, तेव्हा काम सुरळीत झाले.

डोमेन नाव ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो, पण ते ठरावीक वर्षांसाठी भाड्याने मिळते. पागडीच्या खोलीत आयुष्य काढलेल्या गिरगाव-लालबागच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. चाळीचा पुनर्विकास निघाला की पहिला प्रश्न येतो : भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? शाळेनेही हेच विचारावे. नाव संस्थेच्या नावावर नोंदवावे. संपर्काचा ई-मेल एका व्यक्तीचा नसावा, कार्यालयाचा असावा, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. नाहीतर नाव बंद पडताच सूचनाही बंद पडतील. परवलीचा शब्द मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा. नूतनीकरणाची तारीख शाळेच्या वार्षिक नियोजनात लिहावी. नाव आणि वेबसाइट ठेवण्याची जागा ही दोन वेगळी भाडी आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपा उपक्रम आहे. ‘हू इज’ नावाच्या सोयीने कोणत्याही डोमेन नावाची नोंद पाहता येते. खासगी माहिती बहुधा झाकलेली असते, पण नाव केव्हा नोंदले आणि मुदत केव्हा संपते हे बहुतेक वेळा दिसते. विद्यार्थ्यांनी पाच संस्थांची नावे निवडून त्यांच्या तारखा मांडाव्यात आणि कोणते नाव कोणाच्या खाली येते ते झाडासारखे काढावे. त्यात आपल्या शाळेचे नाव जरूर घ्यावे. मुदत जवळ आलेली दिसली, तर त्या दिवसाचा तास सत्कारणी लागला असे समजावे.