नागपूरची मध्यरात्र

आमचं गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. लहानपणी पुण्याहून गावी जाताना थेट एसटी चुकली, की शिरूरच्या स्टँडवर उतरून पुढच्या गाडीची वाट बघावी लागायची. तास, दीड तास. वडील पेपर वाचायचे, आई पिशव्या मोजायची आणि मी ऊसाच्या रसासाठी भुणभुण लावायचो. 'लेओव्हर' हा शब्द मला इंजिनिअर झाल्यावर कळला, पण अनुभव तेव्हाचाच!

परवा तो पुन्हा आला. क्लायंटचं काम आटपून कोलकात्याहून पुण्याला परत येत होतो. थेट विमानाचं तिकीट भलतंच महाग, म्हणून नागपूरमार्गे घेतलं. मध्ये पाच तास. मित्र म्हणाला, "नागपूरला पाच तास काय करणार? लॅपटॉप उघड आणि काम कर." आता पाच तासांचा हिशोब मांडा. पुढच्या विमानासाठी दीड तास आधी परत यायचं, उतरून बाहेर पडायला अर्धा तास, रस्त्याचा एक तास. उरतात दोन. दोन तासांत दोन ठिकाणं होतात, तिसऱ्याचा मोह टाळायचा.

विमानतळाला नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, त्यामुळे पहिलं ठिकाण ठरलेलंच होतं. दीक्षाभूमी तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला ती ही जागा. भर दुपारीसुद्धा स्तूपाच्या आत इतकी शांतता, की मोबाईल आपोआप सायलेंटवर जातो. तिथून रिक्षाने झिरो माईल. वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी चार घोडे, आणि १९०७ सालचा सर्वेक्षण खात्याचा दगड. देशाचा मध्यबिंदू म्हणून ही जागा प्रसिद्ध आहे. तिथे उभं राहिल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि आजचा लेख खरं तर तिच्याबद्दल आहे.

एक काळ असा होता, की नागपूरला रोज मध्यरात्री लेओव्हर व्हायचा. एकाच वेळी चार विमानांचा!

जानेवारी १९४९. स्वातंत्र्याला दीड वर्षही झालं नव्हतं. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. त्यांच्या काळात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायचं. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. त्याच वर्षी एप्रिलपासून साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानाने पाठवायला सुरुवात झाली. म्हणजे संध्याकाळी कलकत्त्यात टाकलेलं पत्र सकाळी मुंबईत!

नागपूरच का? नकाशा बघा. चारही शहरं तिथून हवाई अंतराने साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर. त्या वेळच्या डाकोटा विमानाला तीन-साडेतीन तासांचा पल्ला. धावपट्टी तर पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनची. नागपूर तेव्हा महाराष्ट्रात नव्हतं, मध्य प्रांताची राजधानी होतं. १९५१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास. मुंबईपुढे छोटंच गाव म्हणायचं.

आता आपल्या धंद्याच्या भाषेत. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग, म्हणजे जाऊन-येऊन रात्री बारा उड्डाणं. मध्ये हब ठेवला तर चार विमानं आणि आठ उड्डाणं. शहरं दहा झाली तर थेट मार्ग पंचेचाळीस, हबला फक्त दहा. नेटवर्किंगच्या पेपरात आपण हे काढलेलं असतं. अमेरिकेत फेडएक्सने मेम्फिसमध्ये हीच कल्पना राबवली ती एप्रिल १९७३ मध्ये. तिच्यावर मॅनेजमेंटची पुस्तकं निघाली. आपली नागपूरची सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद झाली. चोवीस वर्षं चालून! केस स्टडी कोण लिहिणार? असो.

पण या हिशोबात एक गोष्ट राहते. त्या विमानांत थैल्यांबरोबर माणसंही असायची. रात्रीचं भाडं कमी, म्हणून झोप मोडून जाणारी. मुंबईहून मद्रासला निघालेला माणूस मध्यरात्री नागपुरात उतरायचा आणि विमान बदलायचा. शहर झोपलेलं, बघणार काय? १९५३ मध्ये विमानतळावर नवी इमारत झाली. तिच्यात खाण्यापिण्याची सोय, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल आणि विमानं बघायला गॅलरीसुद्धा होती. वाट बघणाऱ्या माणसाला काय लागतं याचा विचार कुणीतरी केला होता.

त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९५३ ला, नागपूरहून मद्रासला निघालेलं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानात चौदा जण होते, तेरा गेले. एका प्रवाशाच्या घरच्यांनी नुकसानभरपाईसाठी दावा लावला. तो कलकत्ता उच्च न्यायालयात गेला आणि साठच्या दशकात निकाल लागला, की तिकिटावरची जबाबदारी नाकारणारी अट वैध आहे. आपण 'आय अॅग्री'वर न वाचता क्लिक करतो ना, तसलीच बारीक अक्षरं. फरक इतकाच, की इथे क्लिक करणारा परत आला नव्हता.

झिरो माईलच्या खांबाजवळ उभं राहून मला हेच वाटत होतं. हबचा फायदा सगळ्या नेटवर्कला मिळतो, पण त्याची किंमत वाट बघणारा भरतो. कधी झोपेने, कधी वेळेने, आणि क्वचित त्याहून मोठ्या गोष्टीने. स्वस्त तिकिटासाठी मी पाच तास दिले तेही त्यातलेच. मग ते तास निदान त्या गावाला द्यावेत. टर्मिनलमध्ये बसून मेल चेक केले असते तर नागपूर माझ्यासाठी तिकिटावरची तीन अक्षरंच राहिलं असतं.

हबची आणखी एक गंमत. एका विमानाला उशीर झाला, की बाकीच्यांपुढे प्रश्न येतो, थांबायचं की निघायचं? आपल्या प्रोग्रॅममध्ये एक थ्रेड अडकला की बाकीचे ताटकळतात, तसंच. याचं अचूक उत्तर अजून कुणाकडे नाही.

शिरूरच्या स्टँडवर मात्र एक उत्तर मी ऐकलेलं आहे. शेवटची गाडी सुटायची वेळ झालेली, ड्रायव्हरने इंजिन चालू केलेलं. कंडक्टर दारातच उभा, पुण्याच्या रस्त्याकडे बघत. म्हणाला, "थांबा हो मास्तर, पुण्याची गाडी यायचीय अजून. कवठ्याची माणसं असतील तिच्यात."

आम्ही होतो.