क्वेकरांचा वाक्संयम

आपल्या संसदेत किंवा विधानसभेत निवडून आलेला सभासद आसनस्थ होण्यापूर्वी जे वचन देतो, त्याची दोन रूपे संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेली आहेत. ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी, अथवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. हा दुसरा पर्याय निरीश्वरवाद्यांच्या सोयीसाठी ठेवला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. आज त्याचा तसा उपयोग होतो हे खरे. परंतु इंग्रजी कायद्यात तो प्रथम शिरला तो देव न मानणाऱ्यांमुळे नव्हे, तर देवाची आज्ञा अक्षरशः पाळू पाहणाऱ्या काही हट्टी ख्रिस्ती माणसांमुळे. त्यांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

वाणीचा संयम आपल्या वाचकांस अपरिचित नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाला स्वतंत्र स्थान आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातील याकोबाच्या पत्रातही जिभेची अशीच झाडाझडती घेतलेली असून, तिला जहाजाच्या लहानशा सुकाणूची आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली रचली, तीत मौनावर एक प्रकरणच आहे. परंतु मठाच्या भिंतीआड मौन पाळणे निराळे, आणि बाजारात, न्यायासनापुढे किंवा जन्मदात्या बापासमोर जीभ सांभाळणे निराळे. सतराव्या शतकातील इंग्लंडात क्वेकरांनी हे दुसरे व्रत पत्करले.

या पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स (1624–1691) हा विणकराचा मुलगा; लहानपणी तो चांभाराकडे उमेदवारीस होता. 1652 पासून उत्तर इंग्लंडात त्याला मोठ्या संख्येने अनुयायी मिळू लागले. त्यांच्या उपासनेत धर्मगुरू नसे आणि ठरावीक प्रार्थनाही नसे. सारे निःशब्द बसून राहत. अंतर्यामी खरोखर प्रेरणा झाली असे ज्याला वाटेल त्यानेच बोलावे, आणि कोणालाच तसे न वाटले तर एक शब्दही न उच्चारता सभा विसर्जित व्हावी. नुसते मौन त्यांना अभिप्रेत नव्हते. बोलणे कोठून उगम पावते, हे आधी पारखून घ्यावयाचे होते.

ही पारख किती कठीण, हे 1656 साली दिसून आले. जेम्स नेलर हा या मंडळींतील अत्यंत प्रभावी वक्ता. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात तो घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला, आणि येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण व्हावी अशा रीतीने त्याचे भक्त पुढे स्तोत्रे गात चालले. पार्लमेंटने स्वतः त्याचा न्याय केला. त्याला फटके मारण्यात आले, ईश्वरनिंदक म्हणून कपाळावर डाग दिला गेला आणि तापलेल्या सळईने त्याची जीभ भोसकण्यात आली. 1659 मध्ये सुटल्यावर पुढल्याच वर्षी तो वारला. जिभेच्या अपराधास जिभेलाच शासन करणाऱ्या त्या काळाच्या क्रौर्याबद्दल वेगळे लिहावयास नको. मात्र या प्रकरणानंतर क्वेकर मंडळी स्वतःच्या प्रेरणांकडेही संशयाने पाहू लागली.

शपथेचा प्रश्न याहून सरळ आणि म्हणूनच अधिक धोक्याचा होता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने शपथ मुळीच वाहू नये असे सांगितले आहे. होय ते होय असावे, नाही ते नाही. क्वेकरांनी त्यात स्वतःची भर घातली. शपथेवर बोललेले तेवढे खरे धरले, तर एरवीचे बोलणे खोटे असण्यास मुभा आहे असे होते. तेव्हा सत्याला दोन प्रती असू शकत नाहीत. हा युक्तिवाद आम्हांस आजही बिनतोड वाटतो. परंतु 1660 साली गादीवर आलेल्या दुसऱ्या चार्ल्सच्या अधिकाऱ्यांना राजनिष्ठेची शपथ नाकारणारा मनुष्य राजद्रोहीच दिसे. 1662 च्या कायद्याने शपथ नाकारण्यास आणि पाच किंवा अधिक जणांनी उपासनेसाठी जमण्यास पहिल्या वेळी पाच पौंड, दुसऱ्या वेळी दहा पौंड दंड आणि तिसऱ्या वेळी हद्दपारी अशी शिक्षा ठरली. दुसरा गुन्हा शाबीत होत नसला, की शपथेचा कागद पुढे सरकवला म्हणजे काम होई.

1664 मध्ये लँकॅस्टर येथे मार्गारेट फेल हिच्यावर हाच प्रसंग आला. ही एका न्यायाधीशाची विधवा, स्वार्थमूर हॉल या घराची मालकीण. शपथ न घेतल्याबद्दल तिला मालमत्ता जप्त करण्याची आणि आमरण तुरुंगवासाची शिक्षा सांगण्यात आली. एका वाक्याने सुटका झाली असती. ते वाक्य तिने उच्चारले नाही. 1668 पर्यंत ती कैदेत होती. फॉक्सही त्याच वेळी तेथे बंदिवान होता. शपथेसाठी हाती बायबल दिले तेव्हा, हे पुस्तकही मी म्हणतो तेच सांगते, मग त्याला का कैद करीत नाही, असे आपण विचारल्याचे त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. पुढे 1669 मध्ये या दोघांचा विवाह झाला.

शपथेची कथा न्यायालयातली, 'तू'ची घराघरातली. त्या काळी इंग्रजीत बरोबरीच्यास वा कनिष्ठास एकवचन आणि वरिष्ठास बहुवचन वापरीत. क्वेकरांनी सर्वांना एकवचन लावले, कारण एका माणसाला अनेक म्हणणे हे त्यांच्या मते खोटेच. आम्हां परप्रांतीय मराठी लोकांना यातील मर्म सांगावयास नको. आपले आदराचे 'तुम्ही' हिंदीत 'तुम' होऊन बाहेर पडते आणि समोरच्याची मुद्रा बदलते, हा अनुभव पुष्कळांना असेल. मराठीत आईला आणि देवाला 'तू' म्हटलेले चालते. बापाला म्हणताना मात्र जीभ अडखळते. टॉमस एलवुड या तरुणाची अडखळली नाही, आणि त्याबद्दल त्याने बापाच्या हातचा मार खाल्ला. पुढे अंध मिल्टनला ग्रंथ वाचून दाखवणारा तो हाच एलवुड.

दुकानदार क्वेकरांनी घासाघीस सोडली आणि एकच भाव सांगावयास आरंभ केला. प्रथम गिऱ्हाईक तुटले. नंतर पोराला पाठवले तरी फसवणूक होत नाही असे दिसताच लोक त्यांचीच दुकाने शोधू लागले, असे फॉक्स नमूद करतो. सत्याचा असाही फायदा होतो!

1696 साली पार्लमेंटने क्वेकरांना शपथेऐवजी दृढकथनाची सवलत दिली. पण त्यातही ईश्वराच्या साक्षीचे शब्द होते, आणि ही शपथच नव्हे काय, यावरून त्यांच्यात तट पडले. 1722 मध्ये ते शब्द गळले. तरीही फौजदारी खटल्यात त्यांची साक्ष 1828 पर्यंत चालत नसे. 1832 मध्ये जोसेफ पीस हा क्वेकर निवडून आला, आणि 1833 मध्ये सभागृहाने त्याला दृढकथनावर बसू दिले. आपल्याकडे 1840 च्या कायद्याने हिंदू व मुसलमान साक्षीदारांचे गंगाजल आणि कुराण सुटून त्यांच्या जागी दृढकथन आले. त्याची कारणे वेगळी होती, पण हा मार्ग इंग्रजी कायद्यात अगोदरच मळलेला होता.

आणि क्वेकरांचे स्वतःचे काय झाले? ज्या साध्या बोलण्याने उच्चनीचभाव मोडावयाचा, तेच हळूहळू पंथाचा गणवेश बनले. साध्या पोशाखाचेही तसेच झाले. 1700 साली, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटलेल्या मार्गारेटने एका पत्रात या सक्तीवर कोरडे ओढले, आणि सर्वांनी एकाच रंगाची वस्त्रे ल्यावीत हा फारच दरिद्री शुभसंदेश आहे, अशा अर्थाचे बजावले. तिचे ऐकावयास तिच्या लोकांना दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. 1860 च्या सुमारास इंग्लंडातील क्वेकरांनी पोशाखाचे व एकवचनाचे बंधन उठवले. काही कुटुंबांत नवराबायको आपसांत बोलताना ते जुने एकवचन त्यानंतरही पुष्कळ वर्षे वापरीत असत.