नियम बदलले, पब्लिक भडकलं

फॉर्म्युला वनचा नवा हंगाम जवळ आला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक, नियमांमध्ये काहीतरी बदल. दोन, त्यावर पब्लिकची बोंबाबोंब. 'खेळाची वाट लावली', 'आजपासून बघणं बंद' वगैरे. (आणि पहिल्या रेसला हीच मंडळी टीव्हीसमोर हजर!) मीही त्यातलाच. पण हे सगळे राडे ओळीने आठवून बघितले तर एक गंमत दिसते. पब्लिक काही वेळा अगदी शंभर टक्के बरोबर होतं. आणि एकदा असं चुकलं, की त्याचं ऐकलं असतं तर एक माणूस जिवानिशी गेला असता.

सुरुवात २००९ पासून करू. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ला, ब्राझीलच्या शेवटच्या रेसच्या शेवटच्या लॅपला हॅमिल्टनने ग्लॉकला गाठलं आणि ९८ विरुद्ध ९७, म्हणजे फक्त एका गुणाने मासाची चॅम्पियनशिप हुकली. मासाने त्या वर्षी ६ रेस जिंकल्या होत्या, हॅमिल्टनने ५. मग १७ मार्च २००९ला, हंगाम सुरू व्हायला जेमतेम बारा दिवस उरले असताना, एफआयएने जाहीर केलं की यापुढे गुणबिण काही नाही, ज्याच्या रेस जास्त तो चॅम्पियन.

ऐकायला छान वाटतं ना? पण चाहत्यांचा सवाल सरळ होता. एखादा गडी वर्षभर दुसरा-तिसरा येत राहिला तर त्याची काहीच किंमत नाही? १९८२ साली केके रोझबर्ग फक्त एक रेस जिंकून चॅम्पियन झाला होता. त्या वर्षी १६ रेसमध्ये ११ वेगवेगळे विजेते होते आणि पाच जणांनी प्रत्येकी दोन रेस जिंकल्या होत्या. नव्या नियमाने रोझबर्ग त्या यादीत कुठेच नसता. टीम्सनीही हरकत घेतली, की इतक्या उशिरा आमच्या संमतीशिवाय नियम बदलता येत नाही. २० मार्चला, म्हणजे तीन दिवसांत, एफआयएने माघार घेतली. २०१४ला शेवटच्या अबू धाबीच्या रेसला दुप्पट गुण द्यायची टूम निघाली. तिच्यावरही भरपूर शिव्या पडल्या आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळली.

माझा सगळ्यात लाडका नमुना मात्र २०१६ चा. क्वालिफाइंगमध्ये नवा प्रकार आणला. सुरुवातीची काही मिनिटं झाली की दर ९० सेकंदांनी सगळ्यात स्लो असलेला ड्रायव्हर बाद. कागदावर काय थरार! पण जरा हिशोब करा. ड्रायव्हर बाद व्हायच्या बेतात आहे. त्याला पिटमध्ये यायचं, टायर बदलायचे, परत बाहेर पडून एक लॅप टायर गरम करायचे, आणि मग खरा जोर लावायचा. हे सगळं ९० सेकंदांत? शक्यच नाही. त्यात टायरचे सेट मोजके. म्हणजे एक चांगला लॅप मारा आणि गॅरेजमध्ये बसून घड्याळ बघा. चाहते हे आधीपासून सांगत होते, ड्रायव्हरही सांगत होते. पण नियम पास झाला मार्चच्या सुरुवातीला आणि दोन आठवड्यांत मेलबर्न. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर.

व्हायचं तेच झालं. पोल पोझिशनची लढाई ऐन रंगात यायची, तेव्हा ट्रॅकवर एकही गाडी नाही! हॅमिल्टन पोलवर, बाकीचे आधीच गाडीतून उतरलेले. तरीही बहारीनला पुन्हा तेच केलं, आणि चीनला एकदाचा जुना प्रकार परत आला.

इथपर्यंत स्कोअर सरळ आहे. पब्लिक बरोबर, साहेब लोक चूक.

आता २०१७ चा जुलै. एफआयएने सांगितलं की २०१८ पासून प्रत्येक गाडीवर 'हेलो' असणार. ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान, वजन सुमारे ७ किलो. तेव्हा आम्ही इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकमत होतं: ही रबरी चपलेच्या पट्ट्यासारखी दिसते! जगभर हीच टिंगल चालली होती. गाडीचं रूप घालवलं, ओपन कॉकपिटची परंपरा मोडली, रेसिंगमध्ये धोका नको असेल तर घरी बसा... आम्हीही हसलो. २००९ला हेन्री सर्टीज सुटून आलेलं चाक डोक्यात बसून गेला होता, २०१५ला इंडीकारमध्ये जस्टिन विल्सन उडालेल्या तुकड्याने गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. पण ते डोळ्यासमोर नव्हतं. डोळ्यासमोर चपलेचा पट्टा होता. काही ड्रायव्हरही विरोधात होते. त्यातला एक रोमां ग्रोजाँ.

२९ नोव्हेंबर २०२०, बहारीन. पहिलाच लॅप. ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला. पुढचा भाग कठड्याच्या पट्ट्यांमधून आरपार गेला होता. जिथे ड्रायव्हरचं डोकं असतं, तिथे त्या पट्ट्या हेलोने अडवल्या. अर्ध्या मिनिटाच्या आत तो आगीतून स्वतः बाहेर आला. हात भाजले होते, पण जिवंत. हॉस्पिटलमधून त्याने सांगितलं, की मी हेलोच्या विरोधात होतो, पण तो नसता तर आज तुमच्याशी बोलत नसतो.

त्या रात्री मला आमचं कॉमन रूममधलं हसणं आठवलं. बरं नाही वाटलं.

मग फरक कुठे पडला? मला वाटतं, गुण कसे द्यावेत, क्वालिफाइंग कसं असावं, हे पब्लिकला साहेबांपेक्षा जास्त कळतं. कारण ते दर रविवारी बघतोय आपण. कंटाळा आला की आपल्यालाच आधी कळतो. पण शंभर रेसमध्ये एकदा होणारा अपघात बघून बघून कळत नाही. त्याला आकडे लागतात, चाचण्या लागतात, कुणाचं तरी मरण मोजावं लागतं. तिथे 'दिसतं कसं' हा आपला मुद्दा तोकडा पडतो.

२०२६ साठी तर नियमांचं अख्खं पुस्तकच नव्याने लिहिलं गेलं. डीआरएस गेलं, हलणारे पंख आले, जवळपास निम्मी ताकद विजेची. बोंबाबोंब अर्थातच वर्षभर आधीपासून. मीही दोन-चार ठिकाणी तावातावाने बोललो. फक्त आता तोंड उघडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारतो: मी रेसबद्दल बोलतोय, की गाडीत बसलेल्या माणसाबद्दल?

रेसबद्दल असेल, तर बिनधास्त भांडायचं. तो आपला हक्कच आहे.